इतिदालबाईंची हत्यारपेटी

इतिदालच्या वर्गात पहिल्या आठवड्यात ज्याने मार खाल्ला नाही, तो वर्गात आलाच नव्हता असं खुशाल समजावं. पाना मनगटाला न बांधता शिडीवर चढलास, थोबाडीत. टांगलेल्या दिव्याखाली उभी राहून गप्पा मारल्यास, पाठीत धपाटा. दोर सोडण्याआधी "खाली सांभाळा" म्हणून ओरडला नाहीस, तर तोच दोर पोटऱ्यांवर. आईबाप तणतणत येत. इतिदाल त्यांना विंगेत उभं करून वर बोट दाखवायची. "तो लोखंडी दिवा बघा. माझ्या हातून गाल लाल होतो, त्याच्याखाली कवटी फुटते. तुमच्या लेकराला काय पाहिजे ते तुम्हीच सांगा." आईबाप चहा पिऊन गुमान परत जात.

मी फिरदौस. गावच्या ज्या नाट्यभवनात तिचा वर्ग भरायचा, तिथेच कपडेपट सांभाळते. पाशाच्या झग्यापासून भिकाऱ्याच्या चिंध्यांपर्यंत सगळं माझ्या सुईखालून जातं. इतिदालकडे दिवे, दोर, पडदे आणि आवाज होते, आणि शाळा सुटल्यावर ती गावातल्या मुलामुलींना तेच शिकवायची. नट व्हायला आलेल्यांना ती उभं करत नसे. "तोंड रंगवायचं असेल तर वरच्या मजल्यावर जा, इथे हात काळे होतात," म्हणायची. तिचं मारणं मला कधीच पटलं नाही. त्यावरून आमची कडाक्याची भांडणं व्हायची, आणि भांडण संपलं की एकाच ताटात फूल, म्हणजे शिजवलेला बाकला, आणि भाकरी खायचो.

वर्गात तिचा एक शब्द होता: "जागेवर!" जड पडदा वर जात असताना काही अडकलं, निसटलं, नुसता संशय जरी आला, तरी ती हा शब्द ओरडायची आणि मग कोणी पुढचं पाऊल टाकायचं नाही. पाय उचललेला असेल तर उचललेलाच. भीती वाटली की माणूस पळतो, आणि रंगमंचावर पळणाराच पडत्या वजनाखाली सापडतो. म्हणून ती पोरांच्या अंगातून पळणंच काढून टाकत होती.

ती औलाद दूमा या कुळातली होती, हे आधी सांगायला हवं. औलाद दूमा आणि औलाद रिझ्क यांचं वैर कशावरून सुरू झालं असं विचारलं तर दूमावाले पाण्याची पाळी सांगतात आणि रिझ्कवाले गाढव सांगतात. मेलेली माणसं मात्र दोघांकडची खरी आहेत. शेवटचा मेला तो इतिदालचा थोरला भाऊ हमदान. भर बाजारात, संत्र्यांच्या गाडीपाशी, मक्कावी रिझ्कने त्याला गोळ्या घातल्या. इतिदाल त्याच्या शेजारी पिशवी धरून उभी होती. भावाचं रक्त तिच्या तोंडावर उडालं आणि संत्री सगळीकडे घरंगळत गेली, एवढंच ती मला एकदा बोलली होती.

मक्कावी तुरुंगात गेला. पण तो सरकारचा न्याय झाला. आमच्याकडे रक्ताचा बदला घेतल्याशिवाय घरचे लोक सांत्वन स्वीकारत नाहीत. मांडव नाही, कॉफी नाही, कुराणपठण नाही. कोणी दारात आलंच तर म्हणायचं, आमचं कोणी मेलेलं नाही. इतिदालची आई, हज्जा झन्नूबा, तसंच म्हणत राहिली. दर ईदला ती हमदानचा पायघोळ झगा, गोळ्यांची भोकं पडलेली गलाबिया, काढायची आणि नातवापुढे पसरायची. इतिदालला मागणी आली की म्हणायची, "आधी रक्त, मग मेंदी." असं करता करता इतिदालचे केस पिकले.

तो नातू म्हणजे दाही, हमदानचा एकुलता एक. आईने दुसरं लग्न केलं, आणि पोरगा आजीच्या आणि आत्याच्या हाताखाली वाढला. बदला त्याने घ्यायचा हे त्याला दाढी यायच्या आधीच ठरलेलं होतं. हमदानला गाद नावाचा धाकटा भाऊ होता, उसाचा ठेकेदार, धडधाकट, मिशीला पीळ. त्याला विचारावं, तुझाही भाऊच होता ना, मग तूच का नाही? तर म्हणायचा, पहिला हक्क मुलाचा. भित्र्या माणसाला रिवाज फार आवडतात हे मी गादला बघून शिकले.

इतिदालने दाहीला वर्गात घातलं तेव्हा मी तिला म्हटलं, "तुझा मार खायला घरचंच पोर आणलंस?"

"फिरदौस," ती म्हणाली, "या पोराच्या हातून माणूस मरू द्यायचा नाही मला. दुसरं काही मी देवाकडे मागत नाही."

दाही बुजरा होता, हातांचा मात्र चपळ. गाठी त्याच्या कधी सुटल्या नाहीत. सामानाची जबाबदारी तिने त्याच्याकडे दिली. रंगमंचावर लागणारी भांडी, काठ्या, सुऱ्या, बंदुका सगळं तोच बघायचा. त्या वर्षी जमीनदाराच्या खुनाचं एक नाटक बसत होतं. त्यासाठी दाहीने लाकडाचं पिस्तूल कोरून काळं रंगवलं. खुन्याचं काम करणारा सबरी नाक मुरडून म्हणाला, "हे काय, बूट हातात धरल्यासारखं वाटतंय."

दाहीला ते लागलं. दुसऱ्या दिवशी त्याने दुसरं पिस्तूल आणलं. सबरीने ते हातात तोललं, खूश झाला, आणि त्याची वेळ आली तेव्हा हात वर करून चाप ओढला.

आवाज झाला, वरचा दिवा फुटला, आणि मागे बसलेल्या कोणीतरी टाळ्या वाजवल्या. इतकं खरं वाटलं म्हणून. मग वर्गातली किस्मत किंचाळली. दिव्याची काच तिच्या गालात डोळ्याखालपासून हनुवटीपर्यंत उतरली होती. मी माझ्या शिवणाच्या फडक्याने गाल दाबून धरला तर फडकं भिजून माझ्या कोपरापर्यंत रक्त आलं. सबरी तिथेच ओकला.

इतिदालने सबरीच्या बोटांतून पिस्तूल सोडवलं, गोळ्या काढल्या, ते पिशवीत टाकलं, आणि दाहीवर तुटून पडली. मी तिला तसं मारताना आधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. हाताने, चपलेने, हाती आलेल्या केबलने. तो तोंड झाकून भिंतीला टेकला होता.

"बाई, लाकडाचं खोटं दिसत होतं. हे घरात होतंच."

"कोणाच्या घरात?"

"काकाने दिलंय. मक्कावी सुटला की लागेल म्हणाला. आत्या, नको मारू... आत्या!"

वर्गात तो तिला बाई म्हणायचा. आत्या ऐकल्यावर तिच्या हातातली केबल खाली पडली. किस्मतला टाके घालून आणल्यावर ती तडक गादच्या घरी गेली. मी मागोमाग. गाद ओट्यावर पाय पसरून काळा चहा पीत होता.

"ये, ये, आमची दिवेवाली. फिरदौस, बस."

"पोराला तू दिलंस हे?"

"पोरगा मोठा झाला. तू त्याच्या हातात दोऱ्या देतेस, मी पुरुषाची वस्तू दिली."

"पुरुषाची वस्तू आहे तर तुझ्याकडे का नाही? तुला मिशी कशाला दिली देवाने, चहा गाळायला?"

गाद उठला. कप तिच्या पायाशी फुटला. "जीभ आवर, इतिदाल. घरात बाप नाही म्हणून चढलीस. दे इकडे ते."

घराशेजारून कालवा जातो. तिने हात मागे नेला आणि पिस्तूल पाण्यात भिरकावलं. गादने तिच्या कानाखाली अशी वाजवली की ती ओट्याच्या कडेवर पडली आणि तिचा पुढचा दात गेला. ती उठली, पाण्यात रक्त थुंकली आणि म्हणाली, "आणखी एक पिस्तूल घेशील, मला माहीत आहे. पण ते पोर आता माझं आहे." रस्ताभर ती पदराने तोंड दाबून चालत होती आणि मी गादला ठेवणीतल्या शिव्या देत होते.

दुसऱ्या दिवशी तिने एक लाकडी पेटी आणली आणि नवा नियम केला. नाटकातलं प्रत्येक हत्यार, पुठ्ठ्याचं का असेना, पेटीत. देणाऱ्याने ते हातात देताना मोठ्याने सांगायचं, काय आहे आणि कसं आहे: "सुरी. बोथट." घेणाऱ्याने तेच परत म्हणायचं. आणि ज्याच्यावर ते उगारायचं आहे, त्याच्यासमोर जाऊन ते उघड्या तळव्यावर धरून दाखवायचं. तो डोळ्यांत बघून म्हणेल, "पाहिलं." त्याने "पाहिलं" म्हटल्याशिवाय हात उचलायचा नाही. एखाद्याने पुटपुटलं तर तालीम पुन्हा पहिल्यापासून. नट वैतागले. एकजण म्हणाला, "बाई, इतकी ओळख करून घेतल्यावर मारायचं कसं?" इतिदाल त्या दात गेलेल्या तोंडाने पहिल्यांदाच हसली.

पेटीची किल्ली तिने दाहीच्या गळ्यात घातली. मी तिला कपडेपटात ओढून नेलं.

"वेडी झालीस का? त्याच्याच हातात हत्यारं?"

"चार लोकांत मोठ्याने सांगून ज्याला हत्यार उचलावं लागतं, त्याला ते लपवून उचलायची सवय राहत नाही," ती म्हणाली. "माझ्याकडे दुसरा उपाय असता तर तोही केला असता."

त्यानंतरची दोन वर्षं दाही भवनातच राहिला म्हटलं तरी चालेल. नवीन पोरांना तो शिकवायचा, मारत मात्र नसे. किस्मतच्या गालावरचा व्रण बघितला की त्याची नजर खाली जायची. एकदा तीच म्हणाली, "मेल्या, सारखं खाली काय बघतोस? व्रण वर आहे." तेव्हापासून ती दोघं हसत बोलायला लागली. इतिदाल बघून न बघितल्यासारखं करायची. माझ्या डोक्यात तर मेंदीचा कार्यक्रमही शिजायला लागला होता.

मग मक्कावी सुटला.

तो म्हातारा होऊन बाहेर आला. रिझ्कांनी सलोख्यासाठी माणसं पाठवली. मक्कावी आपलं कफन हातांवर घेऊन, अनवाणी, सगळ्या गावासमोर दूमांपुढे येईल. गुडघे टेकेल. रक्ताचा वारस म्हणून दाही त्याच्या मानेला सुरी टेकवेल, मग ती उचलून त्याच्याऐवजी मेंढा कापेल, आणि वैर तिथे संपेल. असे सलोखे आमच्याकडे होतात. कधी टिकतात. हज्जा झन्नूबा कधीच कबूल होणार नाही असं सगळ्यांना वाटत होतं. ती एका वाक्यात हो म्हणाली. गादही हो म्हणाला, वर मांडवाचा खर्चही माझा म्हणाला.

"मला हे आवडलं नाही," इतिदाल म्हणाली.

"तुला काहीच आवडत नाही," मी म्हटलं.

शाळेच्या मैदानावर कापडाचा प्रचंड मांडव पडला. आवाजाची यंत्रणा गावात फक्त भवनाकडे, म्हणून काम इतिदालच्या वर्गावर आलं. तिने खांब पोरांकडून तपासून घेतले, ताण द्यायला लावले, आणि खांबांवरच्या प्रत्येक स्पीकरपाशी एक विद्यार्थी उभा केला. कोण कुठे उभं राहणार ते तिनेच ठरवलं. दूमांची पोरं रिझ्कांच्या रांगांमध्ये, रिझ्कांची दूमांच्या रांगांमध्ये. सबरी रिझ्कांचा, तो गादच्या भावबंदांच्या अगदी मध्ये. मुलांनी विचारलं तर म्हणाली, वायरी तशाच पोचतात. वायरी कशाही पोचल्या असत्या, हे मलाही कळत होतं.

बायकांना मांडवात जागा नव्हती. आवाजाची पेटी व्यासपीठामागच्या कापडाआड ठेवली होती, तिथे ती कानाला हेडफोन लावून बसली आणि सोबतीला मी. बघता यावं म्हणून मी कापडाला एक उभी फट कापून दिली. दारावर पोलीस सगळ्यांच्या गलाबिया चाचपत होते, पण प्रतिष्ठित म्हाताऱ्यांना आणि रक्ताच्या वारसाला चाचपलं तर अपमान होतो. त्यामुळे गाद तसाच आत आला आणि दाहीही.

दुपारच्या नमाजानंतर मक्कावी आला. डोकं उघडं, पाय धुळीने पांढरे, दोन्ही तळव्यांवर घडी केलेलं कफन. त्याच्यामागे मेंढा. हजारभर पुरुष बसलेले, आणि तरी मेंढ्याच्या खुरांचा आवाज ऐकू येत होता. मक्कावी दाहीसमोर गुडघ्यांवर बसला. शेखने दाहीच्या हातात सुरी दिली आणि माइकसमोर दुवा म्हटली. गाद दाहीच्या खांद्याशी उभा होता.

शेख थांबला तशी इतिदालने माइकचा आवाज खाली ओढला. तिच्या कानात मात्र माइक चालूच होता. एकाएकी तिने हेडफोन अर्धा काढून माझ्या कानाला लावला. गादची कुजबुज होती. "सुरी राहू दे. पिस्तूल काढ. वाकला की डोक्यात घाल. आजी घरी वाट बघतेय."

"ओरड ना!" मी तिचा दंड धरला.

"ओरडले तर दोन्हीकडची पिस्तुलं निघतील, आणि मध्ये तो आहे." तिचं बोट आवाजाच्या कळीवर होतं. ती फटीतून बघत होती आणि ओठांतल्या ओठांत म्हणत होती, "बोल, पोरा. बोल."

दाही हलला नाही. मग त्याने सुरी उघड्या तळव्यावर आडवी घेतली आणि मक्कावीच्या तोंडासमोर धरली.

"सुरी," तो म्हणाला. "खरी. धार आहे."

इतिदालने कळ वर ढकलली. स्पीकरांतून त्याचा आवाज सगळ्या मांडवात गेला. शेख गोंधळला. "टेकव बेटा, टेकव मानेला." दाही तसाच उभा. त्याच्या अंगात मुरलेलं होतं ते, समोरचा बोलल्याशिवाय हात उचलायचा नाही.

"पाहिलं म्हणा," तो मक्कावीला म्हणाला.

म्हाताऱ्याने मान वर केली. कफन घेऊन येणाऱ्याने मान वर करायची नसते. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. हमदानचं नाक, हमदानचे डोळे, मक्कावीला ओळखू आले असणार.

"पाहिलं, बाळा," तो म्हणाला.

दाहीने सुरी खाली ठेवली आणि गलाबियात हात घातला. पिस्तूल बाहेर आलं तेही तळव्यावर, आडवं, नळी जमिनीकडे.

"पिस्तूल. खरं. भरलेलं आहे. गादकाकाने दिलंय." प्रत्येक शब्द चारी बाजूंनी घुमला. मग त्याने मॅगझीन काढून खाली टाकलं, नळीतली गोळी काढली, आणि पिस्तूल आधी रिझ्कांकडे, मग दूमांकडे उघडं करून दाखवलं. "आता रिकामं."

"हरामखोर!" गाद ओरडला आणि त्याने स्वतःचं काढलं.

नेम मक्कावीवर होता की दाहीवर, यावर गावात अजून वाद चालतो. मी फटीतून बघत होते आणि मलाही सांगता येत नाही. गोळी दाहीच्या गळ्याखाली लागली. तो मक्कावीच्या अंगावर कोसळला. मांडवभर माणसं उभी राहिली, खुर्च्या पालथ्या झाल्या, आणि कसून तपासणी झालेल्या त्या मांडवात इतकी पिस्तुलं कुठून निघाली ते देव जाणे.

"जागेवर!"

इतिदालने पेटीजवळचा माइक तोंडात घातल्यासारखा धरला होता. ते ओरडणं मी आयुष्यात विसरणार नाही. "जागेवर! कोणी हलायचं नाही!"

माणसांना काही कळलं नाही. पण पोरांना कळलं. खांबाखांबापाशी ती होती तशी गोठली, हात वर, पाय उचललेले. रिझ्कांच्या रांगेत दूमांची पोरं, दूमांच्या रांगेत रिझ्कांची. पळणाऱ्या पोरांवर गोळी चुकून गेली असती. ही पोरं पळेनातच. सबरीचा बाप पलीकडून पिस्तूल रोखून उभा होता आणि त्याच्या नेमात त्याचंच पोर हात वर करून उभं होतं, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हललं नाही. बापाचा हात खाली आला. मग शेजारच्याचा. पोलिसांनी गादला जमिनीवर दाबलं तेव्हा त्याच्या तोंडात माती गेलेली मी पाहिली आणि मला बरं वाटलं.

व्यासपीठावर मक्कावी दाहीचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. आपल्या कफनाचा बोळा करून त्याने जखमेवर दाबला होता, अंगाचा सगळा भार टाकून. पांढरं कापड किती लवकर लाल होतं हे मला ठाऊक आहे, तरी मी बघत राहिले. इतिदाल कापड फाडून बाहेर गेली, हजार पुरुषांसमोर, आणि गुडघ्यांवर बसली.

"मी दाखवलं ना, आत्या?" तो म्हणाला. मग तोंडातून रक्त आलं. दवाखान्याची गाडी फाटकातून आत यायच्या आधीच तो गेला.

माणसं पांगली. पोरं रडत रडत वायरी गुंडाळायला लागली, कारण काम संपलं की वायरी गुंडाळायच्या हे त्यांना शिकवलेलं होतं. इतिदाल उठली. छातीपासून गुडघ्यांपर्यंत रक्ताने माखलेली होती.

"काही काढू नका," ती म्हणाली. "मांडव लागेल."

आणि तो लागला. संध्याकाळी त्याच मांडवात औलाद दूमांनी सांत्वन स्वीकारलं. बदला घ्यायचा तर कोणाचा? मारणारा घरचा होता. हमदान गेल्यापासून जी कॉफी त्या घराने कोणाला पाजली नव्हती, ती बापासाठी आणि लेकासाठी एकदमच पाजली. रिझ्क रांगेने येत होते. मक्कावी शेवटच्या रांगेत मातीत बसला होता, आणि त्याला ऊठ म्हणायला कोणी गेलं नाही. कुराण वाचणाऱ्याचा आवाज फाटू नये म्हणून इतिदाल पुन्हा आवाजाच्या पेटीपाशी बसली होती. दुसऱ्या कोणाला तिने हात लावू दिला नाही.

हज्जा झन्नूबाला मी घरी भेटायला गेले. ती भिंतीकडे तोंड करून बसली होती. इतिदाल आत आल्यावर तिने मागे न बघता म्हटलं, "तुझ्या खेळाने माझा नातू खाल्ला."

"हो," इतिदाल म्हणाली.

मी भडकले. "हो काय म्हणतेस? गोळी तुझ्या खेळाने झाडली का?"

"त्याने गुपचूप चाप ओढला असता तर जिवंत असता, फिरदौस. तुरुंगात, पण जिवंत."

"आणि मक्कावी? आणि मांडवातली ती सगळी पोरं? एक मेला असता आणि मग मोजायला कोण उरलं असतं? तू देवाकडे काय मागितलं होतंस?"

तिने माझ्या थोबाडीत मारली. मग माझ्या गळ्यात पडून अशी रडली की तिच्या बरगड्या मोडतील असं वाटलं. माझं मत मी बदललं नाही. गावात अजून लोक म्हणतात, पोरांना दिवे आणि दोर शिकवून काय मिळालं. त्यांचीही पोरं त्या दिवशी खांबापाशी उभी होती आणि संध्याकाळी घरी जेवली. पण हे मी त्यांना सांगते, इतिदालला नाही. तिला ते सांगण्यात अर्थ नाही.

वर्ग बंद पडणार असंच सगळ्यांना वाटलं. चाळिसावा दिवस झाल्यानंतर तिने दार उघडलं. किस्मत आली, सबरी आला, आणखी थोडी पोरं आली. इतिदाल त्यांना कप्पीत दोर ओवायला लावून नुसती उभी होती. कोणावर हात उगारला नाही, आणि त्याचीच पोरांना भीती वाटत होती.

तेवढ्यात दारात एक मुलगा येऊन उभा राहिला. मिसरूडही न फुटलेला, गलाबिया मळलेली, डोळे सुजलेले. सगळ्यांनी त्याला ओळखलं. किस्मतच्या हातातला दोर सुटला.

"काय पाहिजे?" इतिदालने विचारलं.

"शिकायचंय."

"कोणाचा तू?" तिला ठाऊक होतं. तरी विचारलं.

तो पळून जाईल असं मला वाटलं. "गाद दूमाचा. नासिफ."

"कोणी पाठवलं?"

"कोणी नाही. घरात बसवत नाही, आत्या."

इतिदालचे दोन्ही हात वर आले. कशासाठी आले ते तिचं तिलाही कळलं नसेल. मी पुढे धावले, पण तिने ते स्वतःच ओढून काखेत दाबून धरले, आणि तशीच उभी राहिली. बराच वेळ तिचे खांदे हलत होते. नासिफ जागचा हलला नाही.

"उद्यापासून ये," ती म्हणाली. "आज माझ्या हातांचा भरवसा नाही."

दुसऱ्या दिवशी आम्ही भवन उघडायला गेलो, तेव्हा तो पायरीवर बसलेला होता.